एकविसाव्या दिवसाचा मुराळी

जीवरामला खोटं बोलता येत नसे, आणि नेमकं तेच काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. सावद्यातला हा केळीवाला माणूस घडाला नुसता हात लावून सांगायचा की हा दिल्लीत पोचेपर्यंत टिकेल की वाटेतच पिकेल. पण तोंडातून खोटा शब्द काढायचा म्हटला की त्याचे कान लालबुंद व्हायचे, आणि डोक्यावरची टोपी तो उगाच काढून पुन्हा घालायचा. अशा माणसाने दर तीन आठवड्यांनी पाचोऱ्याला जाऊन विहीणबाईंसमोर नवं कारण मांडायचं म्हणजे काय सोसलं असेल बिचाऱ्याने! बिचारा म्हणायचं ते आपलं बोलण्यापुरतं. हे सगळं त्याने स्वतःच ओढवून घेतलं होतं.

मूळ गोष्ट त्याच्या लेकीची, कुंदाची. ही एकुलती एक. चौदा वर्षांची होती तेव्हा तिचा घसा दुखला, चार दिवस ताप आला आणि गेला. घसा दुखतो, त्यात काय एवढं? पण पंधरा-वीस दिवसांनी गुडघे सुजले. गुडघे उतरले तर कोपरं सुजली. आईने, म्हणजे बेबाबाईने, तेल चोळलं, वाळूची पुरचुंडी करून शेकलं, कुणीतरी सांगितलं म्हणून एरंडाची पानं बांधली. शेवटी जळगावच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोरीच्या छातीला नळी लावली, आणि बराच वेळ लावून ठेवली. मग ते म्हणाले की सांध्यांची काळजी करू नका, ते बरे होतील. पण या तापाने हृदयाची एक झडप थोडी अधू केली आहे. थोडीच. ती थोडीच राहायला हवी असेल, तर पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं, दर एकवीस दिवसांनी, पंचविशी उलटेपर्यंत तरी. हे दुखणं बरं करायचं औषध नव्हे, दुखणं परत येऊ न द्यायचं. चुकलं, घसा पुन्हा धरला, ताप परत आला, तर झडपेचं काही सांगता येणार नाही.

जीवरामने व्यापाऱ्याशी घासाघीस करावी तसं विचारलं, बावीस दिवस चालतील का? डॉक्टर म्हणाले, वीस चालतील, बावीस नाही.

तेव्हापासून सावद्याच्या दवाखान्यात दर तिसऱ्या मंगळवारी कुंदाची हजेरी लागली. तिथला कंपाउंडर झुलाल स्टोव्हवर काचेची सिरिंज उकळायचा, छोट्या बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी सोडून ती खळखळ हलवायचा, आणि ते दाट पांढरं औषध चांगल्या जाड सुईने सिरिंजमध्ये ओढायचा. हात सावकाश चालवला तर ते सुईतच अडकून बसतं, म्हणून झुलालचं काम झपाट्याचं. मागे कमरेखाली टोचलं की पोर दोन दिवस लंगडायची. पण तोंडातून हूं की चूं नाही. जीवराम मात्र पहिल्याच वेळी सुई पाहून बाकावर आडवा झाला होता. तेव्हापासून झुलाल आधी त्याला बाहेर काढायचा, मगच सिरिंजला हात लावायचा. वर सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचा की आज पेशंट कोण, मुलगी का बाप?

ते इंजेक्शन बारा लाख युनिटांचं. गावात दोन दिवस बातमी फिरत होती की जीवरामने पोरीच्या सुईवर बारा लाख घातले. युनिट म्हणजे रुपये नव्हेत हे झुलालने पारावर बसून समजावलं, तेव्हा कितीतरी लोकांची निराशा झाली.

असं करता करता कुंदा वीस वर्षांची झाली. झडप होती तिथेच होती, सांधे पुन्हा सुजले नव्हते, आणि पोर दिसायला म्हणाल तर हरभऱ्याच्या रोपासारखी टवटवीत. पाचोऱ्याचं स्थळ सांगून आलं. मुलगा लीलाधर शाळेत मास्तर, घरी फक्त आई, धुरपदाबाई. तिच्या तोंडाची गावभर कीर्ती, पण मनाने सरळ, असं मध्यस्थाने सांगितलं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, लग्न खुशाल करा. मात्र सुई चुकवू नका, दिवस राहिले की लगेच मला दाखवा, आणि सासरी सगळं सांगून टाका.

पहिल्या दोन गोष्टी जीवरामने मान हलवून घेतल्या. तिसरी त्याने ऐकलीच नाही. म्हणजे ऐकली, पण बेबाबाई म्हणाली की हृदय हा शब्द एकदा काढला की दारात पुन्हा पाहुणा येणार नाही. लोक झडपबिडप ऐकत नाहीत, नुसतं हृदय ऐकतात आणि टोपी उचलतात. आधी अक्षता पडू द्या, मग सांगू सावकाश. हे ‘सावकाश’ फार वाईट. कित्येक घरांत ते पाय पसरून बसलेलं असतं आणि कोणी त्याला उठवत नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या वैशाखात लग्न झालं. आता सुईचं काय? पाचोऱ्यात कुठल्याही दवाखान्यात गेली असती, तर संध्याकाळच्या आत धुरपदाबाईंच्या ओट्यावर बातमी आली असती. शिवाय पेनिसिलिन म्हटलं की बरेच डॉक्टर अंग काढून घेत, कारण एखाद्याला ते मानवलं नाही तर जागच्या जागी जिवावर बेतायचं. तेव्हा सुई सावद्यालाच, झुलालच्याच हातची. आणि त्यासाठी दर तिसऱ्या आठवड्यात पोर माहेरी यायला हवी.

आपल्याकडे लेक आपली आपण माहेरी जात नाही. माहेरहून मूळ यावं लागतं, कोणीतरी न्यायला यावं लागतं. तो मुराळी. बहुतेक भाऊच असतो, पण कुंदाला भाऊ नव्हता, म्हणून बापच मुराळी झाला. सोमवारी सकाळी एस.टी.ने भुसावळ, तिथून पॅसेंजरने पाचोरा, दुपारच्या गाडीने लेकीला घेऊन परत. मंगळवारी सुई. बुधवारी लंगडत्या लेकीला पोचवून यायचं. सोबत दरवेळी केळ्यांची फणी, कारण रिकाम्या हाताने खोटं बोलायचं त्याला फारच जड जाई.

पहिले काही महिने निभावले. लग्नानंतरचं पहिलं माहेरपण, मग आषाढ, मग श्रावणात कानबाई, भादव्यात मैत्रिणींबरोबर गुलाबाई, मग दिवाळी. आपल्या पूर्वजांनी सण काही कमी ठेवलेले नाहीत. पण त्यांनाही एकवीस दिवसांचा हिशेब ठाऊक नव्हता. दिवाळी सरली आणि जीवराम उघडा पडला. मग म्हैस व्याली, खरवस खायला पोरीला नेतो. मग शेतात भरताची पार्टी आहे, सगळे येताहेत, पोर नसली तर कसं दिसेल? मग बेबाबाईची कंबर धरली. मग फैजपूरच्या आत्याबाई आजारी पडल्या. ही जीवरामची थोरली बहीण. सत्तरीची, पण डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई. तिला त्याने हिवाळ्यात तीनदा अंथरुणाला खिळवलं, आणि एकदा तर सगळ्यांना शेवटचं भेटायला बोलावण्याइतकी वेळ आणली.

आणि नशीब पाहा, माघात एका लग्नात ह्या आत्याबाई आणि धुरपदाबाई एकाच पंगतीत शेजारी शेजारी बसल्या. धुरपदाबाईंनी काळजीने विचारलं, आता कसं आहे? आत्याबाई वरणबट्टीवर तूप ओतून घेत होत्या. त्या म्हणाल्या, मला काय धाड भरली आहे?

धुरपदाबाई तिथल्या तिथे समजायचं ते समजल्या. म्हणजे काय समजल्या, तर चुकीचंच. त्यांचा हिशेब असा झाला की पोर लाडावलेली आहे, तिचं मन इथे लागत नाही, ती बापाला चोरून पत्र टाकते आणि बाप धावत येतो. कुंदा घरातलं सगळं नीट करायची, भाकरी पातळ थापायची, उलटून शब्द बोलायची नाही. म्हणून तर त्यांना जास्त लागलं. एवढी गुणी पोर, आणि माझ्या घरात तिला तीन आठवडेसुद्धा काढवत नाहीत! मग त्या शेजारणींत बसून म्हणू लागल्या, आमची सून माहेरवेडी, कॅलेंडरवर खुणा करून ठेवते. बायका फिदीफिदी हसायच्या. कुंदा भांडी घासता घासता ऐकायची आणि खाली मान घालून आणखी राख घ्यायची.

जीवराम आला की त्या दारातच विचारायच्या, “जीवरामभाऊ, तुमची लेक आमच्या घरी नांदाले आली, का पाहुनी म्हनून आली?”

जीवराम टोपी काढायचा आणि पुन्हा घालायचा. परतीच्या गाडीत लेकीला म्हणायचा, पुढच्या वेळी सांगून टाकतो बघ. कुंदा म्हणायची, हो. दोघांनाही ठाऊक असायचं की पुढच्या वेळी म्हणजे कधीच नाही.

आणि मग फाल्गुनातला तो सोमवार आला. या वेळी जीवरामने कारण चांगलं घोकून आणलं होतं. बेबाबाईची कंबर पुन्हा धरली होती. पण त्याने तोंड उघडायच्या आत धुरपदाबाईंनी त्याच्या हातावर साखर ठेवली. जीवराम आजोबा होणार होता. तिसरा महिना लागला होता.

त्याने साखर तोंडात टाकली. आनंद तर झालाच, आईशपथ झाला, डोळे भरून आले. पण डॉक्टरांचे शब्दही त्याच वेळी आठवले. आणि उद्या मंगळवार होता.

धुरपदाबाईंनी पुढचंही सांगून टाकलं. पाचवा महिना लागेपर्यंत सून गाडीत बसणार नाही. धक्के बसतात, काही झालं तर कोणाच्या तोंडाकडे पाहायचं? जीवरामने बेबाबाईची कंबर पुढे केली. त्या म्हणाल्या, त्यांना इकडे आणा, मी शेकते. जीवराम म्हणाला, आत्याबाईंनी नातीचं तोंड पाहायचा ध्यास घेतलाय. धुरपदाबाई म्हणाल्या की भाचीला नात केलंत, हे एक झालं. आणि आत्याबाईंना मी पंगतीत पाच बट्ट्या खाताना पाहिलंय, हे दुसरं.

स्वयंपाकघराच्या दारात कुंदा उभी होती. ती बापाकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग नव्हता की विनवणी नव्हती. इतकी वर्षं झुलालची सुई मुकाट घेतली तशीच ती उभी होती. जीवरामला एकाएकी स्वतःची लाज वाटली. पोर वयाच्या चौदाव्या वर्षापासून दुखणं अंगावर घेते, आणि मला चार शब्द तोंडातून काढवत नाहीत.

त्याने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

“विहीनबाई, कोनीच आजारी नही,” तो म्हणाला. “माही पोरगीच आजारी हाये. तिच्या हृदयाची झडप अधू हाये. चौदाव्या वर्सापासून. दर एकवीस दिवसांनी सुई घ्या लागते, त्यासाठीच नेत व्हतो. उद्या तिचा दिवस हाये.”

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की कान गरम झाले नाहीत. मग त्याने उरलेलंही सांगितलं, खिशातून डॉक्टरांचा घडी घातलेला कागद काढून पुढे ठेवला आणि खाली बघत बसला. आता काय होईल ते त्याला माहीत होतं. पोरीला घेऊन जा म्हणतील. म्हटलं तर हक्काचंच म्हणतील.

धुरपदाबाईंना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं, आणि बोलल्या तेव्हा त्यांचा तो गावभर गाजलेला आवाज अगदी खाली आला होता.

“वरीसभर मी हिले माहेरवेडी म्हनत राह्यले. चार बायांत म्हनलं, हिच्या तोंडावर म्हनलं. अन् हे पोर सुई टोचून घ्याले जात व्हती. तुम्ही मले फसवलं, ते एक जाऊ द्या जीवरामभाऊ. पन तुम्ही मले खराब सासू करून ठेवलं.”

बाईचं खरं होतं.

धुरपदाबाईंनी पायात चपला सरकवल्या आणि कुंदाला म्हणाल्या, चल. पाचोऱ्यातल्या डॉक्टरांनी पेनिसिलिनचं नाव ऐकून कां कूं केलं, बायकांच्या दवाखान्यात न्या म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले. धुरपदाबाई त्यांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, मी बसलेय, तुमचं बघून होऊ द्या. डॉक्टरांनी जळगावचा कागद वाचला, सहा वर्षांत कधी त्रास झाला नाही ना ते दोनदा विचारलं. मग हाताच्या कातडीखाली थेंबभर औषध सोडून अर्धा तास थांबायला सांगितलं. तो अर्धा तास सासू सुनेचा हात मांडीवर घेऊन त्या जागेकडे डोळे लावून बसली होती. गांध उठली का, लाल झालं का? डास बसला तरी तिने डॉक्टरांना हाक मारली. सुई द्यायची वेळ आली तेव्हा जीवराम सवयीने आपणहून बाहेर गेला.

संध्याकाळी लीलाधर मास्तर शाळेतून आले. आईने त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं, आणि मास्तर चेहऱ्यावर हवं तेवढं आश्चर्य आणू शकले नाहीत. खोटेपणाची कला त्यांच्याकडेही बेताचीच. कुंदाने त्यांना दिवाळीतच सांगितलं होतं. आईने विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? मास्तर म्हणाले, तुझी भीती वाटते. धुरपदाबाईंनी लेकाने की व्याह्याने, कोणी जास्त मार खायला हवा याचा विचार केला असावा, कारण त्या रात्री त्यांनी दोघा पुरुषांना एका शब्दाने न बोलता जेवायला वाढलं. वाढलं मात्र पोटभर.

पुढे सगळं धुरपदाबाईंनी हातात घेतलं. जळगावच्या डॉक्टरांकडे सुनेला स्वतः घेऊन गेल्या, गाडीत तिच्या अंगाला दोन्ही बाजूंनी उशा लावून. डॉक्टर म्हणाले की जपून राहिलात तर सगळं नीट होईल, दर महिन्याला दाखवा, सुई चालूच ठेवा. जीवरामला लीलाधरचं कार्ड आलं, बाळंतपण जळगावलाच करायचं ठरलंय, काळजी नसावी. बेबाबाईने कार्ड देवापुढे ठेवलं आणि पोटभर रडून घेतलं. एक वर्षाचं ओझं उतरलं होतं. जीवराम शेतात गेला, केळीला पाणी सोडलं, आणि कधी नव्हे ते दुपारी मोकळ्या मनाने झोपला.

तीन आठवड्यांनी सोमवार आला. जीवरामने अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं, फणी पिशवीत घातली आणि चपला घालताना थबकला. बेबाबाईने विचारलंही, सुई तर आता तिकडेच आहे, तुम्ही निघालात कुठे? तो म्हणाला, भुसावळला थोडं काम आहे. कान पाहूनच बेबाबाई समजली. तिने आणखी एक फणी पिशवीत टाकली.

पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसून त्याने कारण शोधायला सुरुवात केली. म्हैस पुढच्या हिवाळ्यापर्यंत व्यायची नव्हती. सण जवळ नव्हता. आत्याबाईंचं नाव काढायची सोय नव्हती. आणि कारण तरी काय म्हणून लागावं? पोर बरी होती, सुई वेळेवर होत होती, तिला न्यायचंही नव्हतं. मुराळी न्यायला जातो. न्यायचंच नसेल तर बापाने लेकीच्या सासरी दर तीन आठवड्यांनी काय म्हणून जावं? लोक नावं ठेवतील. वर्षभर त्याने ह्या फेऱ्यांना शिव्या दिल्या होत्या, दर खेपेला म्हटलं होतं की सुटलो एकदाचा तर बरं. सुटला होता. आणि गाडी माहेजी स्टेशनच्या पुढे गेली तरी त्याला कळत नव्हतं की छातीत हे काय भरून आलंय. परत फिरावं असंही मनात आलं. पण पाचोरा आलं आणि तो उतरला.

धुरपदाबाई ओट्यावर गहू निवडत होत्या. त्या दिवसानंतर त्याच्याशी नीट बोलल्या नव्हत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“आज काय काम काढलं?”

जीवरामचा हात टोपीकडे गेला आणि तसाच खाली आला.

“काहीच काम नही,” तो म्हणाला. “पोरगीले पाहाले आलो. करमत नही मले.”

धुरपदाबाईंनी आत तोंड करून हाक मारली.

“कुंदे, बाहेर ये. तुहा बाप आला. आज पहिल्यांदा आला.”

कुंदा पिठाच्या हातांनीच बाहेर आली.